वस्तीचं चित्र कोण काढतं?



मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्या माणसांच्या इतिहासात १९८५ हे साल महत्त्वाचं आहे. १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. चार वर्षांपूर्वी, १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवासीयांना हटवून शहराबाहेर पाठवण्याची घोषणा केली होती आणि पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी तिला न्यायालयात आव्हान दिलं होतं. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण फूटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही उचलून धरला. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, झोपड्यांना अभय मिळालं. पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याच वर्षी मुंबईत आणखी दोन कामं पुरी झाली. ‘स्पार्क’ ही संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भायखळा-नागपाडा परिसरातल्या फूटपाथवरच्या बायकांना बरोबर घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. १९७६ च्या सरकारी झोपडपट्टी गणनेत बहुतेक फूटपाथवासी सुटले होते. ज्यांच्या झोपडीला ठेच लागून माणसं पुढे जात होती, ते सरकारदरबारी कुणाच्या खिजगणतीतच नव्हते. या गणनेच्या अहवालाचं नाव होतं ‘वी, द इन्व्हिजिबल’, म्हणजे आम्ही, न दिसणारी माणसं. दुसरं काम म्हणजे आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट. झोपड्या पाडल्या जात असताना, पाडून झाल्यावर आणि त्याच जागी पुन्हा उभ्या राहताना त्यांनी मुंबई टिपली. त्यात एक बाई कॅमेऱ्यासमोरच चित्रीकरण करणाऱ्यांवर संतापते. तुम्ही आमची चित्रं काढून नेता, त्यातून आमच्या हाती काय पडतं, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही, चित्रपटात ठेवला.

आजच्या विषयाचा सगळा पेच त्या बाईच्या संतापात आहे. कला आणि डिझाइन यांच्या मदतीने शहरातल्या उपेक्षित वस्त्या सर्वांच्या नजरेसमोर आणाव्यात, ही कल्पना गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर रुजली आहे. भिंती रंगल्या, छायाचित्रं टांगली गेली, फिरती संग्रहालयं निघाली. यातलं कितीतरी काम मनापासून केलेलं आहे. या सगळ्या कामाला विचारायचा प्रश्न एकच आहे: वस्तीचं चित्र कोण काढतं? कारण चित्र काढणाऱ्याच्या हातात कुठली गोष्ट दाखवायची आणि कुठली गाळायची, हा अधिकार असतो. तो अधिकार वस्तीकडे आला, तरच दिसण्याचं रूपांतर हक्कात होतं. तो बाहेरच्यांकडेच राहिला, तर वस्ती देखणी होते आणि जिथल्या तिथे राहते.

टेकडीवरचे रंग

२०१७ च्या डिसेंबरात घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरची घरं रंगली. देदीप्या रेड्डी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘चल रंग दे’ या उपक्रमात शेकडो स्वयंसेवक उतरले. गुलाबी, पिवळ्या, निळ्या भिंती वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या खिडकीतून दिसू लागल्या आणि वृत्तपत्रांनी या टेकडीची तुलना इटलीच्या किनाऱ्यावरच्या गावांशी केली. ज्या टेकडीकडे कुणी मान वळवून पाहत नव्हतं, तिची छायाचित्रं काढायला लोक येऊ लागले. पाहुण्यासमोर पत्ता सांगताना आवाज खाली न येणं ही वस्तीत राहणाऱ्याच्या लेखी लहान गोष्ट नाही. हे श्रेय या उपक्रमाला दिलंच पाहिजे.

मात्र टेकडीवरच्या वस्तीचे रोजचे प्रश्न डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतींच्या मागे असतात. वरच्या घरांपर्यंत पाणी चढत नाही. बाळंतिणीला खाली आणायचं तर खुर्चीत बसवून आणावं लागतं. आणि पावसाळा आला की दरडीची धास्ती. २०२१ च्या जुलैत चेंबूरचं भारत नगर आणि विक्रोळीचं सूर्यनगर इथे दरड आणि भिंत कोसळून एका रात्रीत पंचवीसहून अधिक माणसं गेली. डोंगरउतारावरच्या वस्तीची सर्वांत मोठी गरज संरक्षक भिंत आणि पाण्याचा निचरा ही आहे. मेट्रोतल्या प्रवाशासाठी काढलेल्या चित्रात ती उमटत नाही, कारण हे चित्र टेकडीवरून खाली पाहणाऱ्याने काढलेलं नसतं.

शिवाय, रंग येण्याआधी वस्ती बेरंगी होती, हा समजही तपासून पाहायला हवा. मुंबईच्या कुठल्याही जुन्या वस्तीत शिरलं की दाराभोवती बसवलेल्या चकचकीत फरशा, उंबऱ्यावरची रांगोळी, नाक्यावरचा मंडळाचा फलक, बुद्धविहारावरचा पंचरंगी ध्वज, जयंतीच्या कमानी, निळ्या पताका दिसतात. घाटकोपरचंच उदाहरण घेऊ. अण्णा भाऊ साठे याच घाटकोपरच्या चिराग नगरात झोपडीत राहिले आणि तिथे बसून त्यांनी लिहिलं. ‘मुंबई कोणाची?’ हे त्यांच्या लोकनाट्याचं नाव होतं. त्याच घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधासाठी रस्त्यावर आलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. एका अर्धपुतळ्यासाठी लोक जिवावर उदार होऊन रस्त्यावर का येतात, हे ज्याला उमगलं, त्याला वस्तीतल्या कलेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. वस्तीने आपली प्रतिमा स्वतः उभी केलेली असते. बाहेरून येणाऱ्याने आधी ती पाहायला शिकायला हवं.

बाहेरचा माणूस नीट शिकला, तर काय घडतं याचं एक उदाहरण इंडोनेशियात आहे. योग्यकर्ता शहरात गोंडोलायू पुलाखाली, चोदे नदीच्या काठावर, कचरा वेचणारे, हातगाडीवाले आणि बेघर लोक राहत होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रशासनाने ही वस्ती हटवायचं ठरवलं. तेव्हा कॅथलिक धर्मगुरू, कादंबरीकार आणि वास्तुरचनाकार असलेले वाय. बी. मांगुनविजया तिथे राहायला गेले. लोक त्यांना रोमो मांगुन म्हणत. त्यांनी रहिवाशांच्या जोडीने बांबू आणि लाकडाची उतरत्या छपरांची घरं बांधली, आणि कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी रहिवाशांबरोबर ती रंगवली. वस्ती पाडली तर उपोषणाला बसेन, असा इशाराही त्यांनी दिला. वस्ती वाचली आणि १९९२ मध्ये या कामाला वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला. इथेही भिंती रंगल्या, पण रंग सर्वांत शेवटी आला. आधी तिथे राहणं झालं, मग बांधणं आणि भांडणं झालं.

केनियात नैरोबीच्या किबेरा या वस्तीत फ्रेंच कलावंत जेआर याने २००९ साली सुमारे २,००० चौरस मीटर छपरांवर तिथल्या बायकांचे डोळे आणि चेहरे पसरले. ही छायाचित्रं कागदावर न छापता पाणी न झिरपणाऱ्या व्हिनाइलवर छापली होती. प्रकल्प संपल्यावर कलावंत निघून गेला आणि पत्र्यावरचं छायाचित्र गळणारं छप्पर झाकायला राहिलं. पाऊस अडवणारं चित्र हा त्या बायकांच्या गरजेला दिलेला सरळ प्रतिसाद होता. भिंती रंगवणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा.

कापडाचं घर

आता पुन्हा भायखळ्याच्या फूटपाथवर येऊ. गणना झाली, अहवाल छापला गेला, त्यानंतर त्या बायका थांबल्या नाहीत. ‘महिला मिलन’ या नावाने त्यांचे बचत गट उभे राहिले. जॉकिन अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाशी त्यांची गाठ पडली. जॉकिन स्वतः मानखुर्दच्या जनता कॉलनीतले. ती वस्ती १९७६ साली उठवली गेली आणि लोकांना चिता कॅम्पला हलवण्यात आलं. पुढे २००० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले.

या बायकांनी ठरवलं, सरकार घर देईल तेव्हा देईल, घर कसं हवं हे मात्र आपण आधी ठरवू. कागदावरचा नकाशा वाचायची सवय कुणालाच नव्हती. म्हणून त्यांनी बांबू आणि कापड वापरून खऱ्या मापाची घरं उभी केली. मोकळ्या जागेत कापडाच्या भिंती ताणल्या. आत शिरून पाहिलं: चूल इथे ठेवली तर दार उघडतं का, दोन माणसं झोपली तर तिसऱ्याला जागा उरते का, पाण्याचं पिंप कुठे, म्हातारी सासू कुठे. पटलं नाही तर कापड सोडायचं आणि दोन वीत सरकवून पुन्हा बांधायचं. कोऱ्या कागदासमोर अवघडून बसलेली बाई या कापडाच्या खोलीत तावातावाने बोलू लागे, कारण मापाचा प्रश्न आता तिच्या रोजच्या हालचालीचा झाला होता.

या बैठकांतून एक आग्रह पुन्हा पुन्हा पुढे आला, तो उंचीचा. जमीन वाढवता येत नाही, तेव्हा छत उंच ठेवा. चौदा फूट उंची मिळाली तर पोटमाळा निघतो. खाली स्वयंपाक आणि वावर, वर झोपणं आणि मुलांचा अभ्यास. धारावीतल्या मार्कंडेय सोसायटीसारख्या प्रकल्पांत ही उंची आणि हा पोटमाळा प्रत्यक्षात आला. घराच्या आकाराबद्दलचा हा निर्णय अंथरुणं कुठे घालायची याचा रोज हिशेब करणाऱ्या बायकांचा होता.

पुढे खऱ्या मापाची ही घरं प्रदर्शनांत मांडली जाऊ लागली. अधिकारी, पुढारी आणि वस्त्यांतले लोक एकाच दारातून आत जात आणि चर्चा तिथेच होई. घरांच्या पाठोपाठ ‘संडास मेळे’ भरले. ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत बोलायची लाज वाटते, तिचाच मेळा भरवायचा, फीत कापायची, पाहुण्यांना आत नेऊन दाखवायचं. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी या मेळ्यांवर सविस्तर लिहिलं आहे. जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य इमारतीत निवाऱ्याविषयी मोठी परिषद होती. तिथल्या दर्शनी दालनात या चळवळीने नमुन्याचं घर आणि लहान मुलांचा नमुन्याचा संडास उभा केला. आधी अधिकाऱ्यांनी खळखळ केली. पण अखेर सरचिटणीस कोफी अन्नान स्वतः त्या घरातून आणि त्या संडासातून फिरले, आणि त्यांच्याभोवती भारत व दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब बायका गात-नाचत होत्या.

पुण्यात हेच डिझाइन मोठ्या प्रमाणावर वापरात आलं. १९९९ मध्ये महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमधले सार्वजनिक संडास स्थानिक संघटनांच्या भागीदारीने बांधायला सुरुवात केली. त्यातले शंभराहून अधिक संडास स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन यांनी उभे केले. बायकांची आणि पुरुषांची दारं वेगळी. हवा आणि उजेड पुरेसा. पाण्याची मोठी टाकी. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली. आणि मुलांसाठी स्वतंत्र जागा. सामाईक संडासाच्या रांगेत लहान मूल उभं असेल, तर मोठी माणसं घाईत त्याला मागे सारतात. मग ते मूल बाहेर उघड्यावर बसतं. म्हणून मुलांची भांडी आकाराने लहान ठेवली, भोक मोठं ठेवलं नाही, आणि तोल जाऊ नये म्हणून धरायला मूठ दिली.

ती मूठ डिझाइनच्या पाठ्यपुस्तकात छापण्यासारखी आहे. चार वर्षांचं मूल काळोख्या भोकाला घाबरतं, हे ज्या आईने पाहिलं आहे, तिलाच ती सुचते. त्यामुळे ‘त्यांच्यासाठी’ केलेलं काम आणि ‘त्यांनी’ केलेलं काम यांतला फरक तत्त्वचर्चेत न शिरताही कळतो. तो फरक त्या मुठीइतका धरता येण्याजोगा आहे.

ओळखपत्र आणि लाल ठिपका

पुण्यातलंच दुसरं उदाहरण कचरावेचक बायकांचं. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. बाबा आढाव यांचं नेतृत्व आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातून आलेल्या पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांचं काम यामागे होतं. या बायकांची शहराला सवय होती. रोज पहाटे त्या कचराकुंडीपाशी दिसत. पण दिसायच्या त्या चोर म्हणून, भिकारी म्हणून. पोलीस हटकत, कुत्री मागे लागत. संघटनेच्या पहिल्या मागण्यांपैकी एक होती ओळखपत्राची, आणि नव्वदीच्या मध्यावर पुणे महापालिकेने त्यावर आपली मोहर उठवली. असं करणारी ती देशातली पहिली महापालिका ठरली.

छायाचित्र, नाव, संघटनेचं चिन्ह आणि पालिकेचा शिक्का, एवढंच त्या कार्डावर असतं. कुठल्याही कलादालनात ते टांगलं जाणार नाही. तरीही या बायकांच्या आयुष्यात एवढा फरक घडवणारं छायाचित्र दुसरं क्वचितच निघालं असेल. त्या कार्डामुळे पोलिसासमोर उभं राहता आलं. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आणि नंतर वैद्यकीय विम्यासाठी हक्काने अर्ज करता आला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम तिने महापालिकेच्या करारानुसार हाती घेतलं. कुंडीपाशी वाकणारी बाई आता दाराची घंटी वाजवून समोर उभी राहू लागली.

मग आला लाल ठिपका. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात टाकले की ते वेचकांच्या हाताला लागतात. कुठल्या पिशवीत काय आहे, हे कळायला मार्ग नसतो. ‘स्वच्छ’ने घरोघरी सांगायला सुरुवात केली की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल शाईने ठिपका काढा. शाई घराघरात असते, खर्च शून्य, आणि वाचता न येणाऱ्यालाही खूण समजते. त्या एका ठिपक्याने घरातल्या माणसाला त्याचा कचरा हाताळणाऱ्या बाईच्या हातांची आठवण ठेवायला लावलं. मोठ्या प्रकल्पांना लाखो रुपये खर्चूनही जे साधत नाही, ते इथे बॉलपेनच्या टोकाने साधलं.

ब्राझीलमधल्या साओ पावलोत मुंडानो नावाच्या रस्त्यावरच्या चित्रकाराने भंगार ओढणाऱ्यांच्या हातगाड्या रंगवायला घेतल्या. २०१२ मध्ये त्याने लोकवर्गणीतून ‘पिंप माय कारोसा’ हा उपक्रम सुरू केला. गाडी रंगवायला आणली की तिची दुरुस्ती होते, तिला आरसा आणि रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लागतात, आणि ओढणाऱ्याची वैद्यकीय तपासणी होते. भर वाहतुकीत गाडी दिसणं म्हणजे ट्रकखाली न येणं. पुढे भंगार देणारे नागरिक आणि वेचक यांना जोडणारं मोबाइल अ‍ॅपही या मंडळींनी काढलं. पुणे आणि साओ पावलो या दोन्ही ठिकाणी कलेला पोटाचा प्रश्न ठाऊक होता, म्हणून ती टिकली.

मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढणारे सुधारक ओलवे यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. अकोल्याहून मुंबईत आलेल्या या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने वर्षानुवर्षं या कामगारांमागे फिरून, त्यांच्या घरी जाऊन, गटारात उतरलेल्या माणसांचं काळं-पांढरं दस्तावेजीकरण केलं. हे कामगार बहुतांशी दलित समाजातले आहेत. ओलवे यांनी त्यांच्याकडे कुठल्याही कौतुकाच्या काचेतून पाहिलं नाही. कंबरेपर्यंत घाणीत उभा असलेला माणूस त्यांनी तसाच दाखवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका भेटीत काढलेली छायाचित्रं आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीतून काढलेली छायाचित्रं यांत फरक असतो. तो पाहायचा असेल तर ओलवे यांचं काम पाहावं.

डॉकवरचे चेहरे, कोळीवाड्यातलं संग्रहालय

कुलाब्याचा ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने तिथे मोठा कलाप्रकल्प भरवला. डॉकवर राबणाऱ्या कोळी बायका-पुरुषांची प्रचंड छायाचित्रं भिंतींवर लागली. मासळीच्या वासाने नाक दाबून जाणारी मुंबई तिकडे रांगा लावून गेली. डॉकवरच्या माणसांना आपला चेहरा इमारतीएवढा दिसला. या सन्मानाबद्दल शंका नाही.

पण मुंबईच्या कोळ्यांची लढाई चेहऱ्यापेक्षा हद्दीची आहे. कोळीवाड्यांचं सीमांकन व्हावं, सुकवणीच्या जागा आणि होड्या लावायच्या जागा नकाशावर याव्यात, ही त्यांची जुनी मागणी आहे. वरळीच्या कोळ्यांना किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या नेता याव्यात म्हणून दोन खांबांमधल्या अंतरासाठी झगडावं लागलं. ६० मीटरचं अंतर १२० मीटर करायला सरकार अखेर राजी झालं, ते मच्छीमारांनी समुद्राची आणि वाऱ्याची गणितं मांडल्यावर.

म्हणूनच ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं एक काम फार मोलाचं वाटतं. शिल्पकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ हा संग्रह सुरू केला. कोळ्यांची जाळी, होड्यांचे भाग, पाककृती, खाडीच्या आठवणी, बोलीतले शब्द असा ऐवज ते जमवतात आणि लोकांपुढे नेतात. खाडी कशी होती आणि तिचं काय झालं, हे इथे त्या खाडीवर जगलेली माणसं सांगतात. ‘बॉम्बे ६१’ या अभ्यासगटाने वेसाव्याच्या कोळ्यांबरोबर असाच प्रयोग केला: भरतीओहोटीच्या ओघात मासे पकडणाऱ्या डोल जाळ्याचं तंत्र खाडीतला प्लॅस्टिक कचरा अडवायला वापरलं. कोळी इथे देखाव्याचा भाग उरत नाही. तो तज्ज्ञ म्हणून समोर येतो.

धारावीच्या दारावरचा आकडा

धारावीइतकी चित्रित झालेली वस्ती आशियात क्वचितच असेल. चित्रपट झाले, पुस्तकं झाली, परदेशी पाहुण्यांच्या सहली झाल्या. त्यात २०१५ मध्ये ‘स्नेहा’ या आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्थेने भरवलेलं धारावी द्वैवार्षिक प्रदर्शन वेगळं उठून दिसलं. कलावंत आणि रहिवासी कार्यशाळांत एकत्र बसले. विषय होते आरोग्याचे आणि घरातल्या हिंसाचाराचे. बायकांनी कापडावर धारावीचा मोठा नकाशा शिवला आणि हिंसेच्या खुणा त्यावर टाके घालून उमटवल्या. घरात बोलता न येणारी गोष्ट त्यांनी सुईने सांगितली. पुढच्याच वर्षी होर्खे मान्येस रुबियो आणि अमांडा पिनाटी यांनी गाडीवरचं फिरतं डिझाइन संग्रहालय धारावीच्या गल्ल्यांतून फिरवलं आणि कुंभारवाड्यातली मातीची भांडी ज्यांनी घडवली, त्यांच्याच दारात मांडली. सुधीर राजभर यांनी ‘चमार’ हेच नाव अभिमानाने लावून स्टुडिओ काढला. गोवंश हत्याबंदीनंतर काम गेलेल्या चर्मकार कारागिरांसह ते टायर-ट्यूबच्या पुनर्वापरातल्या रबराच्या पिशव्या आणि खुर्च्या घडवतात. धारावीबाहेर, बंगळुरूच्या ‘अरवानी आर्ट प्रोजेक्ट’मध्ये तृतीयपंथी स्त्रिया ब्रश हातात घेऊन भित्तिचित्रं काढतात; २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांचं चित्र होतं.

हे सगळं घडत असताना धारावीत पुनर्विकासाचं सर्वेक्षण सुरू झालं. सर्वेक्षण पथक गल्लीत येतं, घर मोजतं, कागदपत्रं पाहतं आणि घराला क्रमांक देतं. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा आहे का? घर तळमजल्यावर आहे की माळ्यावर? या उत्तरांवर कुटुंब पात्र ठरतं की अपात्र, धारावीत राहतं की बाहेर जातं, हे ठरतं. आज धारावीत सर्वांत जास्त बोलले जाणारे शब्द हेच दोन आहेत: पात्र आणि अपात्र. घरावरचा तो क्रमांक कुठल्याही भित्तिचित्रापेक्षा जास्त वजनाचा आहे.

बृहन्मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५२ लाख लोक, म्हणजे शहराचे ४० टक्क्यांहून अधिक रहिवासी, झोपडपट्टीत राहतात. इतक्या माणसांना अदृश्य म्हणणंच मुळात चमत्कारिक आहे. त्यांच्या हातांनी शहराचा स्वयंपाक होतो, इमारती उभ्या राहतात, गटारं वाहती राहतात. ते दिसत नाहीत ते विकास आराखड्यावर, पाणीपुरवठ्याच्या नकाशावर आणि निर्णय होतो त्या टेबलाभोवती. कलेला आणि डिझाइनला त्यांना दाखवायचं असेल, तर तिथे दाखवायला हवं.

त्यासाठी कलाशाळा, डिझाइन महाविद्यालयं, सामाजिक निधी देणाऱ्या कंपन्या आणि महापालिका या चौघांना या व्यासपीठावरून विनंती आहे. वस्तीत काम करायचं असेल, तर काम काय असावं हे तिथल्या लोकांना ठरवू द्यावं आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. चित्राखाली, नकाशाखाली, मॉडेलखाली काढणाऱ्या रहिवाशांची नावं त्यांच्या संमतीने लिहावीत. त्या चित्रावर पुढे पैसा मिळाला तर त्यातला वाटा वस्तीच्या संघटनेकडे जावा. आणि प्रत्येक प्रकल्पात निदान एक कागद असा निघावा की जो प्रभाग कार्यालयात दाखल करता येईल: घरांची मोजणी, नळांचा नकाशा, दरडीच्या जागा, संडासांची अवस्था. सर जे. जे. कला महाविद्यालयापासून भायखळ्याचा फूटपाथ लोकलने तीन स्थानकांवर आहे. या तीन स्थानकांच्या प्रवासात विद्यार्थ्यांनी रंगाच्या डब्यांबरोबर मोजपट्टी न्यावी, आणि पोचल्यावर ती तिथल्या बायकांच्या हातात द्यावी.